चोवीस फुटांची जागा

माझ्या थोरल्या भावावर, अण्णावर, अन्याय झाला. दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या वर्षी, वैशाखातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेसात वाजता, सोलापुरातल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या गल्लीत, दहा-बारा माणसांच्या देखत. पुण्याहून गाडी घेऊन आलेला तो घरात पाटावर बसून चहा पीत होता, आणि बाहेर संस्थेचे चेअरमन त्याच्या ट्रकच्या पुढच्या काचेवर नोटीस चिकटवत होते. कडेला नाही, वर नाही, बरोबर ड्रायव्हरच्या नजरेसमोर. त्यांनी डिंक वापरला नव्हता, विणकराच्या घरातली खळ मागून आणली होती. खळ वाळली की निघत नाही, खरवडावी लागते. अण्णाने ती उलथन्याने खरवडली. काचेवर ओरखडे राहिले ते राहिलेच.

नोटिशीत लिहिलं होतं की पोटनियम अकराप्रमाणे चौदा फुटांहून लांब वाहन संस्थेच्या रस्त्यावर उभं करायला मनाई आहे, चोवीस तासांत हलवावं.

अण्णा बाहेर आला. ओळीवर बोट ठेवून त्याने सगळं वाचलं.

“मोजली व्हय गाडी?” त्याने विचारलं.

चेअरमन मिलच्या टाइम ऑफिसातून रिटायर झालेले. कामगार किती मिनिटं उशिरा आला हे लिहिण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी खिशातून टेप काढला. म्हणजे मोजली नव्हती. मग दोघांनी मिळून मोजली. एक टोक अण्णाने धरलं, दुसरं त्यांनी. बॉनेटच्या नाकापासून मागच्या फाळक्यापर्यंत चोवीस फूट आणि वर चार इंच.

“जा, चार इंच माफ केले,” चेअरमन म्हणाले.

माणसं हसली. अण्णाही कसनुसा हसला. मी हसलो नाही. मी एकवीस वर्षांचा होतो आणि युनियनच्या ऑफिसात पत्रकं काढायचो. स्टेन्सिल मी कोरायचो, सायक्लोस्टाइलचं हँडल मी फिरवायचो, आणि मिलच्या गेटवर वाटायलाही मीच. नखांतली शाई कधी जायची नाही. चार इंचांच्या त्या विनोदाला उत्तर कागदावर द्यायचं हे मी तिथल्या तिथे ठरवलं.

आता त्या ट्रकमध्ये आमचं काय अडकलं होतं ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढं काय, लावायची गाडी दुसरीकडे.

अण्णा सात वर्षं मिलमध्ये बदली होता. बदली म्हणजे ज्याची नोकरी रोज नव्याने लागते किंवा लागत नाही तो. प्रत्येक पाळीला गेटवर जाऊन उभं राहायचं. आत कुणी कायमचा कामगार गैरहजर असला तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बोट करून बोलावणार. नसला तर भाकरीचा डबा तसाच बंद घेऊन घरी. सात वर्षं त्याने हे केलं. डबा उघडायला मिळाला की नाही ते आई त्याच्या चालण्यावरून ओळखायची. मग आमच्या गावी, मंद्रूपला, जमिनीची वाटणी झाली आणि आमच्या वाट्याला जे आलं ते विकून लष्करातून निघालेला एक जुना ट्रक घरी आला. लांब नाकाचा, हिरवा, वळताना कण्हणारा. त्या दिवसापासून अण्णा गेटवर गेला नाही.

ट्रकला काम दिलं आमच्याच संस्थेत कोपऱ्यावर राहणाऱ्या चादरीच्या कारखानदाराने. दर आठवड्याला चादरींच्या गाठी, पुणे आणि पुढे मुंबई. त्याची अट एकच. माल संध्याकाळी भरायचा, गाडी पहाटे सुटायची, आणि मधल्या वेळात ती त्याच्या गच्चीवरून दिसली पाहिजे. “मला गच्चीवरून ताडपत्री दिसली की झोप लागते,” तो म्हणायचा. त्याची गच्ची आमच्या गल्लीवर होती. म्हणजे गल्लीत गाडी तर गाठी, गाठी तर ट्रक, आणि ट्रक नसला तर पुन्हा गेट आणि पुन्हा तो बंद डबा. इतकं सरळ होतं ते.

चोवीस तास संपले आणि आमची वणवण सुरू झाली. अण्णा नाक्यावर गेला. जकात नाक्यावर ट्रकांची रांग पुढे सरकत असते. तिथे थांबलेल्या गाडीला मागच्या सगळ्यांच्या शिव्या पडतात. पेट्रोलपंपवाला म्हणाला, “डिझेल घे नि नीघ, हितं काय धर्मशाळा हाय?” मिलच्या भिंतीकडेला लावली तर पाळी सुटताना वॉचमन काठी आपटत आला. जनावरांच्या बाजाराच्या मैदानात जागा चिक्कार होती, पण बाजाराच्या आदल्या दिवशीच बैल येऊन बसले. अक्कलकोटच्या रस्त्याला एक मठ होता. तिथला पुजारी चांगला माणूस. “इरली, इरली,” तो कानडीत म्हणाला, “राहू दे की, देवाला काय अडचण?” देवाला नव्हती. चौथ्या दिवशी लग्नाचा मांडव पडला आणि मांडववाल्याला होती.

मीही हिंडलो. सायकलवरून दुपारच्या उन्हात, शहराच्या चारी बाजूंना, चोवीस फूट शोधत. जिथे तिथे लोक आधी विचारायचे, “किती दिवस?” आणि मी “कायमची” म्हटलं की त्यांचा चेहरा बदलायचा. एरवी ज्या शहरात धूळ आणि मोकळ्या जागा यांना तोटा नाही, त्या शहरातली एकूण एक मोकळी जागा कुणाची तरी निघाली.

अण्णा जेवताना मधेच उठून दारात जायला लागला. बाहेर गाडी नाही हे माहीत असून बघून यायचा. एका रात्री स्टेपनी चोरीला गेली. मग तो गाडीतच राहायला लागला. आई डबा घेऊन रोज वेगळ्या ठिकाणी जायची.

“आज कुटं हाय रं तुजा भाऊ?” ती मला विचारायची. “सांग की नीट. काल नाक्यावर गेले तर गाडी पंपावर. लोक हसत्यात मला. ट्रकवाल्याची आई ट्रक हुडकत फिरती म्हनत्यात.”

आणि कारखानदार म्हणायचा, “तुझं काय ते लवकर बघ. मला गाडी दिसली पाहिजे.” त्या उन्हाळ्यात रेल्वेचा संप झाला. एरवी कुर्डुवाडीवरून रेल्वेने निघणारा मालही रस्त्याने जाऊ लागला. जो तो ट्रक मागत होता, आणि आमचा ट्रक जागेसाठी हिंडत होता.

मी पत्रक लिहिलं. मथळा होता ‘चौदा फुटांची लोकशाही’. युनियनच्या ऑफिसात एका दुपारी स्टेन्सिल कोरली, शिल्लक कागदावर काढली, आणि संस्थेतल्या प्रत्येक दारात टाकली. त्यात मी लिहिलं की चेअरमनच्या मुलीच्या लग्नात गल्ली आठ दिवस मांडवाने अडली होती, तेव्हा टेप कुठे होता? हे खरं होतं. मी लिहिलं की कष्टकऱ्याच्या वाहनाला मोजणाऱ्यांनी स्वतःच्या ओट्यांची रस्त्यात आलेली पायरी मोजावी. हेही खरं होतं, आणि निम्म्या घरांना लागू होतं. आणि मी लिहिलं की हा नियम मूठभर पांढरपेशांच्या शोभेसाठी केला आहे. याला माझ्याकडे काही पुरावा नव्हता. पण पत्रकातलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच होतं, म्हणून मी ते चौकटीत टाकलं.

चेअरमननी मला संस्थेच्या ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. टेबलावर पत्रक होतं आणि शेजारी जाडजूड, कापडी पाठीची वही.

“शुद्धलेखन चांगलं आहे तुझं,” ते म्हणाले. “ही इतिवृत्ताची वही. पहिल्या वर्षापासूनची. अकरा नंबर कुणी मांडला, का मांडला, सगळं यात आहे. वाचून जा.”

“वही तुमच्याजवळच राहू द्या,” मी म्हणालो. “सभेत बोलू.”

“पाच मिनिटांचं काम आहे.”

“माझ्या भावाला चोवीस तास दिले होते तुम्ही. मला पाच मिनिटं देताय?”

मला हे उत्तर फार आवडलं होतं. त्या दिवशी मी ते चार जणांना सांगितलं.

आमच्या संस्थेबद्दल एक गोष्ट मी अजून सांगितली नाही, कारण तेव्हा ती मला सांगण्यासारखी वाटतच नव्हती. गल्लीच्या शेवटच्या टोकाला, लिंबाच्या झाडापाशी, हातमागवाल्यांची सहा घरं होती. घरात तेलुगू बोलणारी, बाहेर आमच्याशी मराठी. संस्था निघाली तेव्हाचे पहिले सभासद तेच. आठवड्यातून दोन-तीन सकाळी ते गल्लीत पाजणी करायचे. म्हणजे मागावर चढवायचा ताणा, सगळं उभं सूत, बांबूच्या कैच्यांवर गल्लीभर लांब ताणून धरायचं, त्याला खळ लावायची, आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी कुंचे फिरवत पुढे-मागे चालायचं, सूत सुटं आणि गुळगुळीत होईपर्यंत. ऊन चढायच्या आत हे उरकावं लागतं, आणि वारा सुटायच्या आत. मागे हटायला जागा लागते, धूळ चालत नाही. लहानपणापासून मी ते बघत आलो होतो. शाळेत जाताना ताण्याखालून वाकून जायचो आणि ओरडा खायचो. पत्रकाचं शेवटचं वाचन मी आमच्या पायरीवर बसून केलं, आणि तेव्हा माझ्यासमोर बारा-पंधरा पावलांवर ताणा होता. मी तो बघितला आणि पुढची ओळ वाचली.

सभा मारुतीच्या देवळाच्या पटांगणात भरली. सभासदत्व वडिलांमागे आईच्या नावावर आलं होतं, म्हणून मत तिचं आणि भाषण माझं. अण्णा गाडी घेऊन बाहेरगावी होता. मी उभा राहिलो आणि बोललो. लोकांनी ऐकलं. रस्त्यात आलेल्या पायऱ्या, मांडव, नोटीस, टेप, चार इंच. हशा माझ्या बाजूने झाला. कारखानदार पुढच्या सतरंजीवर बसला होता आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होता.

मग हातमागवाल्यांच्या घरातली एक बाई उठली. साठीच्या आसपासची, कानात मोठी कर्णफुलं. नवरा वारल्यावर दोन माग तीच चालवत होती. सगळी संस्था तिला अक्का म्हणायची.

“अकरा नंबर आमचा आहे,” ती म्हणाली. “चेअरमनचा नाही. माझ्या मालकांनी मागून घेतला होता. ताण्यासाठी.” मग माझ्याकडे वळली. “काय रे पुढारी, तुझा भाऊ माझा कोण वैरी आहे का? लावू दे की गाडी. दुपारपासून लावू दे. पहाटे तो जाणारच आहे. आमाला फक्त सकाळ पाहिजे. सकाळी गल्ली मोकळी असली की झालं.”

चेअरमन लगेच म्हणाले, “असं असेल तर नियमात एक ओळ घालता येते. सकाळ वगळून.”

सगळं तिथेच मिटत होतं. हे मी आज लिहितो. त्या वेळी माझ्या डोक्यात पत्रक होतं आणि पत्रकाच्या शेवटी मी मोठ्या अक्षरात मागणी छापली होती: पोटनियम अकरा रद्द करा. ‘सकाळ वगळून’ असं मी छापलं नव्हतं. युनियनमध्ये मी एवढं शिकलो होतो की समोरचा एक पाऊल मागे सरला की आपण दोन पुढे टाकायची. समोर मिलमालक आहे की दोन मागांची बाई, हे बघायचं मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मी ते आपणहून बघितलं नाही.

“आम्हाला सवलत नको,” मी म्हणालो. “चुकीच्या नियमाला ओळ जोडून तो बरोबर होत नाही. नियमच रद्द करा.”

“बरोबर बोलतोय पोरगा,” कारखानदार उठून म्हणाला. “रस्ता सगळ्यांचा. माझा पाठिंबा.”

हात वर झाले. आम्ही चार हातांनी जिंकलो. आईचा हात मला दिसला नाही. मी बायकांच्या बाजूला बघितलं तर तो पदराखाली होता.

घरी जाताना मी तिला विचारलं, “का गं?”

“माझ्या दोन्ही बाळंतपनांत दारात पानी तिनं भरलंय,” आई म्हणाली. “तुजं भाषान चांगलं झालं.”

दुसऱ्या दिवशी अण्णा आला. गल्लीत गाडी लावली, उतरला, दोन्ही हात कमरेवर ठेवून गाडीकडे बघत राहिला. किती दिवसांनी तो घरात मांडी घालून जेवला. जेवता जेवता मी त्याला सभेची हकिगत सांगितली, अगदी टाळ्यांसकट.

“अक्का काय म्हनली म्हनलास?”

मी परत सांगितलं.

त्याचा घास हातातच राहिला. “म्हंजी तिनं जागा दिली हुती.”

“जागा नव्हती दिली. सवलत देत होती.”

“मला काय सवलत चावती व्हय? सकाळी गाडी हितं ठिवून मी काय करनार हाय, पूजा?”

गाडी गल्लीत असली की तो पहाटेच काढायचा; नोटिशीच्या सकाळी ती तिथे होती ती पुण्याहून यायला उशीर झाला म्हणून. तिला हवी होती ती सकाळ आम्हाला नकोच होती. एवढी साधी गोष्ट मला ट्रक चालवणाऱ्याने सांगितल्यावर कळली, आणि कळूनही मी तेव्हा मान्य केली नाही. मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे. अण्णा ताट घेऊन उठला.

पुढे सहा आठवडे बरे गेले असतील. मग एका संध्याकाळी गल्लीत दोन नवे ट्रक आले. नवे कोरे, आमच्या ट्रकहून हातभर लांब, पुढे लिंबू-मिरची लटकवलेले. कारखानदाराचे. संपात त्याला रस्त्याच्या वाहतुकीची गोडी लागली होती, आणि गाड्या ठेवायची अडचण मी मिटवली होती. लिंबाखाली एक, त्याच्या मागे दुसरा. त्याच्या गच्चीवरून दोन्ही छान दिसत.

अण्णा त्याच्याकडे गेला.

“तुझं काम चांगलंच होतं रे,” कारखानदार म्हणाला. “पण आता घरच्या गाड्या आहेत. त्या उभ्या ठेवून तुला गाठी देऊ?”

“आनि मी?”

“तू काय, ट्रकवाला माणूस. तुला सगळं गाव मोकळं आहे.”

गाठी गेल्या. गल्लीतली जागाही गेली, कारण त्या दोन ट्रकांच्या मागे उरलेल्या जागेत आमचा चोवीस फुटी मावत नव्हता. माझ्या भावाचा ट्रक पुन्हा नाक्यावर जाऊन उभा राहिला. या वेळी कुणी नोटीस लावली नव्हती.

त्याहून वाईट गोष्ट श्रावणाच्या तोंडावर झाली. कारखानदाराचे ट्रक दिवसदिवस हलायचे नाहीत, त्यामुळे अक्काच्या घरच्यांनी ट्रकांच्या कडेने उरलेल्या पट्टीत, तिरपा धरून, अर्ध्या लांबीचा ताणा घालायला सुरुवात केली होती. एका सकाळी ताणा ओला होता, पांढराशुभ्र, खळ नुकतीच लागलेली, आणि कारखानदाराच्या ड्रायव्हरने गाडी गरम करायला म्हणून इंजिन चालू केलं. धुराचा लोट सरळ ताण्यावर. ओल्या खळीवर काजळी बसली ती बसलीच. पंधरा पावलं लांबीचं सूत राखाडी झालं. अक्काच्या सुनेने कुंचा खाली टाकला. अक्का चालत ट्रकपाशी गेली आणि बॉनेटवर हाताचा पंजा ठेवून उभी राहिली, गाडी बंद होईपर्यंत.

मी धावत गेलो आणि ड्रायव्हरवर ओरडलो.

तो काचेतून डोकं काढून म्हणाला, “कंचा नियम मोडला, दावा की साहेब. दावा, गाडी काढतो.”

मी तसाच चेअरमनच्या घरी गेलो. ते दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण होता.

“नोटीस काढा,” मी म्हणालो.

“कुठल्या पोटनियमाखाली?” त्यांनी विचारलं. “दहा नंबर पाण्याच्या टाकीचा आहे. बारा नंबर कोंबड्यांचा. मधला मला सापडत नाही. तुला सापडतो का बघ.” मग वस्तरा खाली ठेवून त्यांनी ती कापडी पाठीची वही माझ्यापुढे सरकवली.

या वेळी मी बसलो आणि वाचली. पहिल्याच वर्षाच्या तिसऱ्या सभेत होतं. सहा विणकर सभासदांनी विनंती केली की ताण्याला गल्ली मोकळी लागते, तेव्हा मोठं वाहन उभं राहू देऊ नये. चौदा फूट हा आकडाही कुणी शोभेसाठी काढलेला नव्हता. त्या काळी गल्लीत येणारी सगळ्यात लांब गोष्ट म्हणजे सरपणाची बैलगाडी, ती बैलांसकट तेवढी भरायची. तिला त्यांनी मोकळीक ठेवली होती. खाली सह्या आणि अंगठे. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

त्याच आठवड्यात अण्णा डबा घेऊन मिलच्या गेटवर गेला. ट्रकला रोज माल मिळत नव्हता. जॉबरने त्याला ओळखलं. “काय मालक,” तो सगळ्यांसमोर म्हणाला, “गाडी लावायला जागा नाही, म्हणून आमच्याकडं का?” त्या दिवशी जॉबरने बोट दुसऱ्याकडे केलं. अण्णा घरी आला, डबा ओट्यावर ठेवला. आईने तो उघडून आतलं परत ताटात वाढलं. तिघंही तेच जेवलो.

जेवण झाल्यावर मी अक्काकडे गेलो. ती उंबऱ्यात बसून सुताच्या कांड्या भरत होती.

“काय रे पुढारी,” ती मान वर न करता म्हणाली, “सांगायला आलास का विचारायला?”

“विचारायला.”

“मग बस.”

मी विचारलं, तिने सांगितलं. किती वाजता ताणा लागतो, किती वाजता उतरतो, पावसाळ्यात काय करतात, सणावाराला किती दिवस बंद असतो. मी लिहून घेतलं. माफी मागितली तेव्हा म्हणाली, “ते राहू दे. तो सुताचा गुंडा इकडं दे.” दुसऱ्या दिवशी अण्णाला घेऊन गेलो. त्या दोघांनी लिंबापासून पावलं टाकत जागा ठरवली. मी फक्त टेप धरला.

मग सह्या. रद्द केलेला नियम परत आणायला पुन्हा सभा लागते, आणि सभा बोलवायला अर्ज. मी त्याच दारांत गेलो जिथे पत्रक टाकलं होतं. लोकांनी मला सोडलं नाही, आणि का सोडावं?

“परवा रद्द करा म्हणालास, आज परत आणा म्हणतोस. तुझं एकदा ठरव आणि मग ये.”

“आता कुणाचा ट्रक आलाय?”

“चौकटीतलं ते वाक्य वाच की परत, पांढरपेशांचं. मला पाठ आहे.” हे म्हणणारे शाळेत शिपाई होते आणि माझ्या वाक्यासाठी हात वर करणाऱ्यांपैकी होते.

कारखानदार उलट बाजूने फिरत होता. सभा दोनदा पुढे गेली, एकदा पावसामुळे, एकदा माणसं पुरेशी न आल्यामुळे. दसऱ्यानंतर ती झाली आणि नवा अकरा नंबर मंजूर झाला, तो दोन हातांनी. त्यातला एक आईचा होता. सकाळी गल्लीत एकही मोठं वाहन नाही. दुपारपासून पहाटेपर्यंत, सभासदाच्या घरातलं माणूस स्वतः चालवतं असं एक, लिंबाखाली. कारखानदाराचे ट्रक त्याच्या कारखान्याच्या आवारात गेले. तिथे जागा पहिल्यापासून होती.

अण्णाचा ट्रक तेव्हापासून लिंबाखाली उभा राहतो. चादरीच्या गाठी परत मिळाल्या नाहीत. तो हंगामात ऊस ओढतो, इतर वेळी जे मिळेल ते, आणि गेटवर जात नाही. अक्काने मधल्या महिन्यांत दोन मागांपैकी एक विकला. तिचा ताणा आता पंधरवड्यातून एकदा लागतो. आधी आठवड्याला लागायचा. हा फरक माझा आहे. चेअरमनचा नाही, कारखानदाराचासुद्धा पुरता नाही. कारखानदाराने मोकळं दार बघितलं आणि गाडी आत घातली, पण बिजागऱ्यांसकट दार मी काढून दिलं होतं.

पत्रकं मी अजून काढतो. थांबणार नाही, कारण नोटिसा लावणारेही थांबलेले नाहीत. पण तुम्हाला एक काम सांगतो, आणि ते तुम्ही केलंच पाहिजे. उद्या माझ्यासारखा कुणी तुमच्या दारात येईल, हातात ओल्या शाईचा कागद, चौकटीत एक झणझणीत वाक्य, आणि म्हणेल, अमुक रद्द करा. वाक्य कितीही आवडलं तरी हात वर करू नका. त्याला उंबऱ्यातच उभं करा आणि विचारा, ज्यांच्यासाठी हे मुळात केलं होतं त्यांच्या घरी तू जाऊन आलास का? कुठलं घर, ते दाखव. दाखवता आलं नाही तर त्याचा कागद त्याच्या हातात परत द्या आणि त्याला आधी तिकडे पाठवा.